चार खाचा आणि ‘साहेबांशी बोलतो’

*नमस्कार दादा,*

*मी मुलुंड पूर्वेला राहते, शाळेत शिकवते. मिस्टर बोटीवर असतात, ऑगस्टपर्यंत येणार नाहीत. आमची तीन वर्षांची हॅचबॅक गेल्या आठवड्यात ठाण्यातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली होती. त्यांचाच ड्रायव्हर सकाळी घेऊन गेला आणि संध्याकाळी सातला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये लावून गेला. भाजी फोडणीला टाकली होती, तशीच धावत खाली आले आणि त्याच्या मोबाइलवर सही केली. सकाळी उजेडात पाहिलं तर चारपैकी तीन अलॉय चाकांच्या कडेला छोट्या छोट्या खाचा. प्रत्येक चाकाला चार, वर दोन आणि खाली दोन, आतला धातू चकचकतोय. नटांच्या भोकांभोवतीचा काळा रंगही गेलाय. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकावर शिवाय वीतभर लांब ओरखडा आहे. बिल ९,८६० रुपये: सर्व्हिस, टायर रोटेशन, बॅलन्सिंग, अलाइनमेंट.*

*सेंटरचा सर्व्हिस ॲडव्हायझर आधी म्हणाला, “मॅडम, मुंबईचे रस्ते बघताय ना, फूटपाथला लागलं असेल.” मग म्हणाला, फुकट बफिंग करून देतो. मग, “गाडी साहेबांच्या नावावर आहे, मी साहेबांशी बोलतो.” आणि शेवटी, “जास्त ताणलंत तर त्या पोराच्या पगारातून कापतील.” यावर मी गप्प बसले. आता काय करू? चारही नवीन चाकं मागू का?*

*एक वाचक, मुलुंड*

ताई,

त्या ॲडव्हायझरची चारही वाक्यं माझ्या ओळखीची आहेत. अकरा वर्षं मी अशाच एका काउंटरमागे बसून ती म्हटली आहेत. ‘मुंबईचे रस्ते’ हे तर आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवायचो, कारण समोरचा माणूस लगेच मान डोलावतो. एलबीएस रोडवरून रोज जाणाऱ्याला खड्ड्यांबद्दल वेगळं काय पटवायचं? पण तुम्ही पत्रात एक गोष्ट इतकी नेमकी लिहिली आहे, की ते वाक्य तिथेच पडतं. प्रत्येक चाकाला चार खाचा, वर दोन, खाली दोन.

फूटपाथ असा मोजून चावत नाही. चाक फूटपाथच्या कडेला घासतं तेव्हा फिरत असतं, म्हणून ओरखडा लांब आणि कमानीसारखा वळलेला येतो. शिवाय आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे फूटपाथची घासणी बहुतेक वेळा डाव्या चाकांना लागते. तुमच्या तीन चाकांत निदान एक उजवीकडचं आहेच. तिथे दुभाजक लागला म्हणतील, म्हणू देत. पण दुभाजकही रिमला चार ठिकाणी चिमटा काढत नाही.

चिमटा काढतो तो अलाइनमेंटचा क्लॅम्प. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते करताना चारही चाकांवर एकेक चौकट बसवतात आणि तिच्यावर सेन्सर किंवा टार्गेटची पाटी लावतात. त्या चौकटीला नख्या असतात, त्या रिमची बाहेरची कड पकडतात. नख्यांवर रबराची किंवा प्लॅस्टिकची टोपणं असायला हवीत. ती झिजतात, फाटतात, हरवतात. नवी मागवायला स्टोअरमध्ये चिठ्ठी टाकावी लागते, आणि महिनाअखेरीला तशा चिठ्ठ्या कोणी बघत नाही. मग उघडं लोखंड ॲल्युमिनियमवर आवळलं जातं. लोखंड कठीण, ॲल्युमिनियम मऊ. तीन चाकांवर खाचा आणि चौथं चाक स्वच्छ, याचा अर्थ मी असा लावेन की चौथ्या क्लॅम्पची टोपणं अजून शाबूत आहेत. जाऊन बघितलंत तर दिसतीलही.

नटांच्या भोकांभोवतीचा रंग गेला तो गनच्या सॉकेटने. नट काढणाऱ्या-आवळणाऱ्या हवेच्या गनवर अलॉयसाठी प्लॅस्टिकचं आवरण असलेला सॉकेट लावायचा असतो. साधा सॉकेट लावला की तो भोकात फिरताना भिंती खरवडतो. ही दोन्ही कामं तुमच्या बिलात छापलेली आहेत. रोटेशनसाठी चाकं काढली, अलाइनमेंटसाठी क्लॅम्प लावले. म्हणजे नुकसान कशाने झालं हे त्यांच्याच बिलावरून वाचता येतं.

आता तो वीतभर ओरखडा. त्याची भरपाई मागू नका.

का, ते सांगतो. डावं वळण घेताना गाडीचं मागचं चाक पुढच्यापेक्षा आतून जातं, त्यामुळे डावं मागचं रिम फूटपाथला घासणं हा मुंबईतल्या निम्म्या गाड्यांचा रोग आहे. रोटेशनमध्ये मागची चाकं पुढे येतात. तेव्हा तुम्हाला पुढच्या चाकावर अचानक दिसलेला ओरखडा बहुधा कित्येक महिने मागे होता. तिथे तुमचं लक्ष गेलं नसेल, कारण गाडीकडे येताना आपण पुढचं चाक बघतो. खात्री करायची असेल तर ओल्या फडक्याने पुसा आणि बोट फिरवा. जुन्या ओरखड्यात ब्रेकची काळी धूळ बसलेली असते, धातू मंद पडलेला असतो. खाचांमधला धातू मात्र अजून आरशासारखा आहे, असं तुम्हीच लिहिलंय. दोघांचे शेजारी शेजारी फोटो काढा. हा ओरखडा जुना आहे, तो माझ्या मागणीत नाही, असं तुम्ही स्वतःहून लिहिलंत तर बाकीच्या बारा खाचांबद्दल तुमच्या शब्दाला वजन येईल. वर्क्स मॅनेजर अशा माणसाला घाबरतो. आरडाओरडा करणारे त्याला रोज भेटतात, ते त्याला चालतात.

फोटो आजच काढा, गाडी धुण्याआधी. सकाळच्या उजेडात आधी पूर्ण गाडी नंबर प्लेटसकट, मग प्रत्येक चाक पूर्ण, मग प्रत्येक खाच जवळून, शेजारी एक रुपयाचं नाणं धरून. टायरच्या भिंतीवर एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तेही टिपून ठेवा. एका वर्कशॉपमध्ये अदलाबदल झालेला टायर मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. तुमचा झाला असेल असं नाही, पण बघायला दोन मिनिटं लागतात. आणि जोपर्यंत त्यांच्याकडून कोणी येऊन नोंद करत नाही तोपर्यंत बाहेर कुठेही रिमला हात लावू देऊ नका.

पुढचा पुरावा तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे. घरून गाडी नेणारा ड्रायव्हर निघण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढतो. स्वतःच्या बचावासाठी काढतो, नाहीतर वाटेतला प्रत्येक डाग त्याच्या माथी लागतो. त्या फोटोंत चाकं दिसतात. गाडी आत आल्यावर जॉबकार्डावर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, गाडीचं चित्र असतं, त्यावर जुने डेंट आणि ओरखडे खुणेने दाखवतात. तुमच्या जॉबकार्डावर रिमसमोर काही खूण आहे का? नसेल तर ‘आधीपासूनच होतं’ हे वाक्य त्यांच्याच कागदाने खोडलं. शिवाय अलाइनमेंट करतात त्या जागी कॅमेरा असतो, पण त्याचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. म्हणून ते जपून ठेवा असं लेखी कळवणं हे या घडीला सगळ्यांत निकडीचं आहे. नंतर रेकॉर्डिंग गेलं म्हणाले, तर तुम्ही वेळेत मागितलं होतं एवढं तुमच्या हाती राहील.

तुमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचंही तेच. संध्याकाळी सातला गाडी आली आणि सकाळपर्यंत जागची हलली नाही, एवढी क्लिप सेक्रेटरींकडून आज घ्या. मधे गेलेल्या रात्रीचं काय, हा प्रश्न ते विचारणारच. सेक्रेटरी आढेवेढे घेतील, सोसायटीचे सेक्रेटरी कशालाही घेतात. अर्ज द्या.

सहीची फार काळजी करू नका. मोबाइलच्या काचेवर बोटाने केलेली ती सही गाडी मिळाल्याची आहे. स्टिल्टखालच्या अंधारात रिमची कड तपासली आणि ठीक आढळली, असं तिच्यातून निघत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच कळवलंत ना? फोनवर कळवलं असेल तर फोनमधल्या त्या कॉलच्या नोंदीचा फोटो ठेवा. तीन आठवड्यांनी कळवलं असतं तर मीच तुम्हाला सोडून द्या म्हटलं असतं.

आता कायदा, जेवढा लागतो तेवढाच. तुम्ही वस्तू एखाद्या कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिलीत, की काम संपून परत येईपर्यंत ती सांभाळणं त्याच्यावर आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ सांगतं, की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी त्याने घ्यायची. आणि वस्तू बिघडून परत आली तर काळजी घेतली होती हे दाखवणं त्याच्याकडे येतं. १९९८ साली दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या पार्किंगमधून एक मारुती झेन चोरीला गेली होती. चावी हॉटेलच्या माणसाकडे दिलेली होती, आणि पार्किंगच्या चिठ्ठीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असं छापलेलं होतं. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टाने हॉटेलला जबाबदार धरलं. गाडी ताब्यात घेतल्यावर अशा छापील ओळीमागे लपता येणार नाही, निष्काळजीपणा झाला नाही हे हॉटेलने दाखवायचं होतं. तुमच्या जॉबकार्डाच्या मागे बारीक अक्षरांत अशीच एखादी ओळ असेल. तिच्यावर बोट ठेवून कोणी बोललं तर ही झेन आठवा.

म्हणून ‘तुमच्या पोराने ओरबाडलं’ असं बोलूच नका. ते सिद्ध करायला तुम्ही तिथे नव्हता. ‘सकाळी नेली तेव्हा रिम ठीक होती, संध्याकाळी आणली तेव्हा नव्हती, मधला वेळ गाडी तुमच्या ताब्यात होती, मधे काय झालं ते सांगा’, एवढंच. चार वेळा विचारलं तरी चारही वेळा हेच.

साहेबांशी बोलतो, या वाक्याने मला तुमच्यापेक्षा जास्त राग आला. गाडी चालवता तुम्ही, सर्व्हिसला दिलीत तुम्ही, पैसे भरलेत तुम्ही, आणि बोलायचं मात्र अरबी समुद्रापलीकडच्या माणसाशी! २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’ म्हणजे पैसे देणारा तर आहेच, त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही आहे. आरसी कोणाच्याही नावावर असो, तक्रार तुम्हाला करता येते. तरी वाद वाढायला नको म्हणून मिस्टरांना बोटीवरून एका ओळीचा मेल करायला सांगा, की या गाडीबाबतचा सगळा व्यवहार माझ्या पत्नी बघतील. तो मेल त्यांना पाठवा आणि विषय संपवा. पुन्हा कोणी ‘साहेब’ म्हटलं तर “साहेब मीच” म्हणा. वर्गात कसं बोलता, तसं.

मागायचं काय? चार नवीन चाकं मागू नका. ती मिळणार नाहीत, आणि त्या मागणीमुळे बाकीचं पत्रही हट्टाचं वाटेल. तुमची अलॉय दोन रंगांची आहेत असं मी धरतो, कारण भोकांत काळा रंग आणि दर्शनी भाग चकचकीत असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. अशा चाकाचा दर्शनी भाग लेथवर तासलेला असतो आणि वर पारदर्शक लॅकरचा थर असतो. त्यांनी देऊ केलेलं फुकटचं बफिंग म्हणजे त्या लॅकरवर घासकाम. खाच थोडी बुजेल, आजूबाजूचं लॅकर मात्र जाईल. मग जून आला की उघड्या ॲल्युमिनियमवर पाणी आणि आपल्याकडची खारट हवा बसणार, आणि दिवाळीपर्यंत लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पसरत जाणार. तेव्हा तोच ॲडव्हायझर म्हणेल, हे तर समुद्राच्या हवेमुळे. बफिंगला स्पष्ट नाही म्हणा, लेखी.

चांदीच्या रंगाचा टचअप पेन हाही उपाय नाही. सावलीत बरा दिसतो, उन्हात ठिगळ दिसतं.

योग्य दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून चाक साफ करायचं, गरज तिथे भराव करायचा, काळा रंग पुन्हा चढवायचा, दर्शनी भाग सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर हलकासा तासायचा आणि नवीन लॅकर द्यायचं. प्रत्येक तासणीत धातूचा पातळ थर जातो, त्यामुळे हे एका चाकावर मोजक्याच वेळा करता येतं. हे काम करणारी दुकानं मुंबईत आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुन्या-नव्या सुट्या भागांच्या गल्ल्यांत विचारलंत तरी कोणीतरी पत्ता देईल. पण काम तिथे करू नका, तिथून फक्त लेखी कोटेशन घ्या. दोन ठिकाणचं घ्या, दुकानाच्या नावाच्या कागदावर, तीन चाकांचं, जीएसटीसकट. ‘नुकसानभरपाई द्या’ म्हणण्यापेक्षा ‘एवढे रुपये’ म्हणणं नेहमी बरं, कारण आकड्याला उत्तर द्यावंच लागतं.

नवीन चाक एकाच परिस्थितीत मागा. खाच इतकी खोल असेल की कडेचा धातू निघालाय किंवा तडा दिसतोय, किंवा बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक वेडंवाकडं फिरतंय. तडा गेलेल्या अलॉयला वेल्डिंग करून देतो म्हणाले तर अजिबात तयार होऊ नका. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेगमर्यादेत राहून जरा वेगाने जाताना स्टिअरिंग थरथरतं का, हे एकदा बघून घ्या. आणि हे सगळं राहू दे, पण नट योग्य टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने, आवळलेत का, ते टॉर्क रेंचने आजच कोणाकडून तरी तपासून घ्या. आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ज्याने साध्या सॉकेटने गन चालवली, त्याने शेवटचा पीळ हाताच्या रेंचने दिला असेल यावर माझा विश्वास नाही. नट प्रमाणाबाहेर आवळलेले असतील तर भर पावसात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या छोट्या पान्याने ते तुमच्याच्याने काय, माझ्याच्यानेही उघडणार नाहीत.

अलाइनमेंटचं आधीचं आणि नंतरचं मोजमाप छापलेला कागदही मागा. नखी रिमवर तिरकी बसली असेल तर मोजमापही तिरकं येतं. अलाइनमेंट पुन्हा करून मागायला हे कारण पुरेसं आहे, या वेळी टोपणं लावून.

पाचवं वाक्य अजून यायचं आहे, तयार राहा. “मॅडम, इन्शुरन्समध्ये बसवून देतो, तुम्हाला एक रुपया खर्च नाही.” ऐकायला गोड. क्लेम फॉर्मवर कारण काय लिहिणार? ‘फूटपाथला धडक’. खाली सही तुमच्याकडून कोणाची तरी. म्हणजे त्यांचा बचाव तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून दिलात, आणि विमा कंपनीला खोटं सांगितलंत ते वेगळं. वर गाडीला तीन वर्षं झाली आणि क्लेम नसेल तर नूतनीकरणाला ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यावर मिळणारी ३५ टक्क्यांची सूट गेली, पुन्हा शून्यापासून सुरुवात. नुकसान त्यांनी केलं, तर विमाही त्यांनी त्यांचा वापरावा. वर्कशॉपच्या ताब्यातल्या गाड्यांसाठी मोटर ट्रेडची वेगळी पॉलिसी असते, ती त्यांनी घेतली आहे की नाही हा त्यांचा प्रश्न.

आता मेल. ॲडव्हायझरला नको, वर्क्स मॅनेजर आणि डीलरच्या कस्टमर केअरला, प्रत कंपनीच्या कस्टमर केअरला. कंपनी म्हणेल डीलर स्वतंत्र आहे, आणि सर्व्हिसमधल्या हलगर्जीपणापुरतं ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण कंपनीकडे नोंद झाली की डीलरकडे तिचं उत्तर मागितलं जातं, तेवढं आपल्याला पुरे. साधारण असं लिहा:

“अमुक तारखेला जॉबकार्ड क्रमांक अमुक अन्वये आपल्या चालकाने माझी गाडी घरून नेली व त्याच दिवशी सायं. ७ वा. परत आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन चाकांच्या रिमवर प्रत्येकी चार खाचा व नटांच्या भोकांभोवती रंग गेलेला आढळला, हे मी त्याच दिवशी फोनवर कळवले. फोटो जोडले आहेत. डाव्या पुढच्या चाकावरील लांब ओरखडा जुना असून तो या तक्रारीत नाही. गाडी नेतानाचे फोटो, जॉबकार्डाची प्रत व अलाइनमेंटचे मोजमाप मला पाठवावे, आणि त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावे. तीनही चाकांचे लेथवरील पुनर्काम व लॅकर आपल्या खर्चाने करून द्यावे, अथवा सोबतच्या कोटेशनची रक्कम द्यावी. बफिंग मला मान्य नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. कोणत्याही कर्मचाऱ्याच्या पगारातून ही रक्कम कापली जावी अशी माझी इच्छा नाही. हे नुकसान उपकरणांवर संरक्षक टोपणे नसल्यामुळे झाल्याचे मला दिसते.”

शेवटची दोन वाक्यं तुमच्यासाठी मुद्दाम घातली आहेत. पगारकपातीचं वाक्य तुमच्यावर फेकलं कारण तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला पोरांची कणव येते, हे त्याने दोन मिनिटांत ओळखलं. कापतात हे खरं आहे, ताई. मी कापलेले पाहिले आहेत, एकदा माझ्याच सहीने, विक्रोळीहून सायकलवर येणाऱ्या एका पोराचे. बॉनेटवर पाना पडला होता. ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. पण टोपणं विकत न घेण्याचा निर्णय त्या पोराचा नव्हता. तुम्ही गप्प बसलात तर टोपणं येणार नाहीत, उद्या दुसऱ्या कोणाच्या रिमवर खाचा पडतील आणि ती दुसरी कोणी बाई गप्प बसली नाही तर पैसे त्याच पोराचे जातील. तुमच्या मेलमधली ती ओळ निदान कागदावर राहील.

दोन-तीन दिवसांत तुम्हाला एक फोन येईल, सर्व्हिस कशी वाटली, दहापैकी किती गुण. त्याआधी ॲडव्हायझरचा गोड फोन येईल, मॅडम दहाच द्या, आमचं इन्सेंटिव्ह त्यावर असतं. हे गुण त्यांना खरंच बोचतात. सौदा करू नका, ‘काम करून द्या मग दहा देते’ असं म्हणू नका. जे झालं ते खरं सांगा आणि गुण जे वाटतील ते द्या. इंटरनेटवर लिहायचं असेल तर फोटो, तारीख, बिलातली कामं, एवढंच. ‘लुटारू’, ‘चोर’ हे शब्द लिहून हाती काही येत नाही. बदनामीची नोटीस आली तर वाद चाकांवरून तुमच्यावर येतो.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, मराठीत बोलता येतं. विलेपार्ल्याची मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करते आहे, तिथे कागद घेऊन जा. अनुभवी कार्यकर्ते असतात, कागद बघून केस कुठे कच्ची आहे ते तोंडावर सांगतात. मग स्पीड पोस्टाने एक नोटीस, ती वकिलाशिवाय तुम्हीही लिहू शकता. आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वर्कशॉप ठाण्यात असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर, वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळची प्रशासकीय इमारत. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य, आणि तुमचं तर दहा हजारही नाही. मुदत दोन वर्षं. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांचं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात तारखा पडतात, शाळेतून रजा घेऊन जाताना ते लक्षात ठेवा. माझा अंदाज विचाराल तर इतक्या लांब जावं लागणार नाही. क्लॅम्पच्या खाचांचे फोटो आणि त्यांच्याच बिलावरचा ‘अलाइनमेंट’ हा शब्द एका मेलमध्ये आले, की वर्क्स मॅनेजर आधी फ्लोअरवर जाऊन नख्या बघतो. मीही तेच करायचो.

ते दुरुस्तीला तयार झाले तर चाकं देताना तिन्हींच्या आतल्या बाजूचे आकडे आणि टायरचे आकडे लिहून त्यांची सही घ्या. काम किती दिवसांत होणार आणि तोवर कोणती चाकं लावून देणार, तेही त्याच कागदावर. गाडी परत घ्यायला स्वतः जा, दुपारी, उन्हात. ते चहा विचारतील. चहा घ्या, पण चारही चाकांभोवती बसून बघून झाल्यावर.

तुमचा,
दादा